टोपी उसवली नाही, विहीणबाई

विहीणबाई, आधी एक सांगा. त्या टोपीच्या पाचव्या पाकळीपाशी तुमचं लक्ष कुठं होतं?

तुम्हाला जाऊन तीन महिने होतील. एवढ्या दिवसांत सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. माणूस लाखात एक होता, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, सुनेला लेकीसारखं वागवलं. सगळं खरं आहे. ती सून म्हणजे माझीच मेघा, तेव्हा माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? पण खरं सांगते, असलं काही ऐकून मला तुमची आठवण येत नाही. उलट वाटतं, हे लोक दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलत आहेत. मला तुम्ही आठवता त्या पन्नास टाक्यांमुळं. तुमच्याशी बोलायचं आहे तेही त्यांच्याबद्दलच.

तुमचं तेरावं झाल्यावर तुमचा संदीप परभणीला आला. मेघाला नववा महिना लागला होता. पोटुशी बाईनं मातीला जाऊ नये म्हणून तिला मी पाठवली नव्हती, आणि ती माझ्यावर धुसफुसत होती. संदीपनं तिच्याशेजारी बसून थोडं रडून घेतलं, मग माझ्याकडं एक पिशवी दिली. म्हणाला, "आईच्या पिठाच्या डब्याच्या मागं सापडली. तुमालाच कळंल म्हणून आणली."

पिशवीत हळदी रंगाच्या लोकरीचा अर्धा गुंडा होता, दहा नंबरच्या सुया होत्या आणि एका सुईवर टोपी होती. काठ झालेला, कानापर्यंतची उंची झालेली, वरचा शेंडा अर्ध्यावर. लेकरू जन्माला यायच्या आत त्याच्यासाठी काही करायचं नसतं, म्हणून लपवून विणलीत, एवढं माझ्या लगेच लक्षात आलं. मी चष्मा लावला. तुम्ही असता तर म्हणाला असता, झालं, बाईंनी चष्मा लावला, आता टोपीचं काही खरं नाही.

ही टोपी मीच तुम्हाला शिकवलेली. ऐंशी टाके घालायचे, उंची पुरली की शेंड्याला दहा पाकळ्या पाडायच्या. सहा टाके सुलट विणायचे, पुढचे दोन एकत्र घेऊन त्यांचा एक करायचा. असं दहा वेळा. ऐंशीचे सत्तर होतात. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या खेपेला पाच सुलट आणि दोन एकत्र, त्याच्या पुढच्या खेपेला चार. असं करत दहा टाके उरले की त्यांच्यातून लोकर ओवून ओढायची, बाजू शिवायची, टोपी मिटते. शाळेत पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर लिहून दिलं आहे. झोपेत उठवून विचारलं तरी सांगीन.

तुमचे टाके मोजले. पन्नास. तीन खेपांनंतर पन्नासच उरायला हवेत, म्हणजे आकडा चोख. पण टोपी मांडीवर पसरली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. एक तर प्रत्येक पाकळीचा पहिला टाका लांबट, ताणलेला, विणलेलाच नाही असा. दहाच्या दहा पाकळ्यांना तेच. शिवाय पाचवी पाकळी गलेलठ्ठ आणि सहावी हडकुळी. आकडा बरोबर आणि टोपी चूक! वर्गात अशी वही आली की मी त्या मुलीला विचारायची, उत्तर कुणाचं बघून लिहिलंस?

माझा हात सवयीनं चालला. सुई काढून घेतली, लोकरीचं टोक धरलं. तीन खेपा उसवायला दोन मिनिटं लागली नसती. थांबले ती काही मोठ्या मनानं नाही. हे पन्नास आले कसे, या प्रश्नानं मला थांबवलं. जी बाई प्रत्येक पाकळीला चुकते तिचा आकडा जुळतोच कसा? हे कळल्याशिवाय उसवलं तर मग कधीच कळणार नाही. आणि थोडी भीतीही वाटली, कबूल करते. तुमच्या हातचं म्हणावं तर माझ्या घरात आता ही टोपी होती आणि लोणच्याची एक बरणी. बरणी होळीपर्यंत संपेल. मी एकेक टाका परत सुईवर चढवला आणि पिशवी कपाटात ठेवून दिली.

मग मला मेघाच्या थोरलीचं, ओवीचं बारसं आठवायला लागलं. आठवायला म्हणजे, ते मी कधी विसरले नव्हते, फक्त त्याच्याकडं बघत नव्हते. सहा वर्षं झाली. बारशाच्या आदल्या दुपारी तुम्ही देवगाव फाट्यावरून एसटीनं आलात. डिंकाचे लाडू, दुपटी आणि पांढऱ्या लोकरीची टोपी. तुमची पहिलीवहिली टोपी. माझ्या हातात दिलीत आणि लाडवांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेलात. मी बघितलं, पाकळ्यांचे पहिले टाके लांबट. मी म्हटलं, हे सुटलेले टाके आहेत, उद्या चार बायका बघतील. आणि खर्रकन उसवली, पार पाकळ्या सुरू होतात तिथपर्यंत.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात तेव्हा माझ्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग होता.

"उसवलीत व्हय?"

"अहो, चुकलं होतं. आत्ता करून देते, अर्ध्या तासाचं काम."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि परत आत गेलात.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या शकूताईंनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, टोपी कुणी हो विणली, किती सुबक आहे. मी माझी म्हटलं नाही. तुमची आहे असंही म्हटलं नाही. नुसती हसले. त्या हसण्यातून बायकांना जे कळायचं ते कळलं. तुम्ही पाळण्याच्या पलीकडं उभ्या होता, तुम्हीही हसलात. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, बाईंना राग आला नाही.

त्यानंतर आपण भांडलो नाही असं नाही. भेटलो की भांडलोच, पण त्या टोपीवरून कधीच नाही. कधी ओवीच्या स्वेटरवरून, कधी संदीपच्या मफलरवरून. तुमचं एकच पालुपद, उसवायचं कशाला, जागच्या जागी नीट करावं.

"इहीनबाई, भाकर थापताना चिरली तर पीठ परत दळाय नेता का? तिथंच दाबून घेता ना?"

"भाकरी खाल्ली की संपते. स्वेटर लोक चार वर्षं बघतात."

"बघंनात. एक टाका चुकला, त्यात बाकीच्या टाक्यांचा काय गुन्हा?"

मग मी म्हणायची, जागच्या जागी केलेलं दिसतं हो, तिथं कायमची गाठ राहते. तुम्ही म्हणायच्या, राहू द्या की, तुमाला एकटीलाच दिसंल. मेघा आतून ओरडायची, अगं, तुम्ही दोघी एका मफलरवरून किती वेळ घालवणार आहात? सहा वर्षं घातली, मेघा. अजून निकाल लागला नाही.

तुम्हाला विणकाम शिकवलं ते आठ दिवस मी आता पुन्हा पुन्हा उलगडून बघते. दातांच्या दवाखान्यासाठी राहिला होता माझ्याकडं, ओवीच्या वेळी मेघाला सातवा होता. चौथी शिकलेली बाई, पन्नाशी ओलांडलेली, सुई कधी हातात धरलेली नाही. मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. तुम्ही दुसऱ्या दिवशी सुलट-उलट शिकून मोकळ्या. तिसऱ्या दिवशी मी नियम सांगितला, ओळीचा पहिला टाका विणायचा नाही, या सुईवरून त्या सुईवर नुसता उचलायचा. तुम्ही विचारलंत, "कामून?" मी म्हटलं, काठ सरळ येतो, तसा नियमच आहे. तुम्ही मान डोलावली. "हां. आमच्यात बी हाय तसं."

तुमच्यात म्हणजे कुठं, कशात, हे मी विचारलंच नाही. आयुष्यभर मुलींना प्रश्न विचारून पगार घेतला, पण ज्यांची उत्तरं मला आधीच माहीत होती तेवढेच. तुमच्याकडं माझ्यासाठी काही उत्तर असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शाळा सुटली तरी मास्तरीण सुटत नाही, दुसरं काय.

तर पिशवी कपाटात. मेघा बाळंत झाली, मुलगा झाला. परभणीची यंदाची थंडी तुम्हाला सांगायला नको, सकाळी नळाचं पाणी हाताला चावत होतं. लेकराच्या डोक्याला बाजारची टोपी घातली होती, ती सारखी डोळ्यांवर यायची. मेघा दोनदा म्हणाली, आई, ती पिवळी टोपी कर ना पुरी. शकूताई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं अर्धवट राहिलेलं लेकराच्या डोक्यावर नको हो. मी दोघींनाही बघू म्हटलं. शकूताईंचं मी मनावर घेतलं नाही. पण टोपी हातात घेतली की तोच पेच. उसवून नीट केली तर ती माझी होणार, ओवीच्या वेळी झाली तशी. तशीच पुढं विणली तर पाचवी पाकळी जन्मभर मला खुपणार. तुमच्या नातवाच्या बारशाला तुमची टोपी असणार की माझी, एवढाच प्रश्न होता. आणि तुम्ही तर विचारायला नव्हता.

मग एक दिवस आमचे व्याही आले, नातू बघायला. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. तुम्ही बरोबर नसलात की हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नाही, तुम्हाला माहीत असेल. लेकराला बघितलं, दोन्ही डोळे टिपले, आणि मग काही तरी काम पाहिजे म्हणून बरोबर आणलेली घरची ज्वारी माझ्या कोठीत भरायला बसले. पोतं सरळ ओतलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. पण नाही. धान्य घरात यायचं ते मोजूनच, म्हणे. मला शेराचं माप मागितलं. माझ्याकडं कुठलं? स्टीलचा मोठा डबा दिला.

त्यांनी पहिला डबा शिगोशीग भरला आणि म्हणाले, "लाभ." तो कोठीत ओतला नाही. तसाच उचलून बाजूच्या परातीत ठेवला. मग तसलाच दुसरा डबा मागून घेतला आणि भरला. "दोन." तो ओतला. "तीन."

मी म्हटलं, "व्याही, एक राहिला की."

"एक म्हणू न्हाई पैल्या मापाला. लाभ म्हणायचं. अन् त्याला लगेच मोडायचं न्हाई, तसंच उचलून ठिवायचं. समदं भरून झालं का मग ते वर टाकायचं."

"म्हणजे सुरुवातीला एकदाच?"

"एकदाच कसं? जितक्या बारीला मोजणी नवी, तितक्या बारीला लाभ. ह्या कणगीचं झालं, दुसरीचं सुरू केलं, का पुन्ना लाभ." मग म्हणाले, "मी तर नुसतं पोतं धरायचो. मोजायची तीच."

विहीणबाई, मी त्यांना ज्वारीच्या राशीत तसंच बसवून ठेवलं आणि कपाटाकडं पळाले. या वयात पळाले म्हणजे तुम्ही समजून घ्या.

पाकळी नवी, म्हणजे मोजणी नवी. पहिला टाका लाभाचा, तो मोडायचा नाही, नुसता उचलून ठेवायचा. मी ओळीच्या पहिल्या टाक्याचा नियम सांगितला आणि तुम्ही तो तुमच्या खळ्यावरच्या नियमाला नेऊन जोडलात. तुमच्या हिशोबात ओळ नव्हतीच, पाकळी होती. टाका गळला नव्हता, सुटला नव्हता, मोजणीत होताच. म्हणून तर पन्नास! खिडकीपाशी नेऊन टोपी मुठीवर पसरली आणि आता पहिल्यांदा नीट बघितली. उचललेले ते लांब टाके एकावर एक बसून प्रत्येक पाकळीला एक उभी शीर आली होती. दहा पाकळ्या, दहा शिरा, सगळ्या सरळ वर शेंड्याकडं निघालेल्या. माझ्या टोपीला अशी शीर नाही. माझी टोपी तुमच्यापुढं सपाट दिसते.

मग ओवीची टोपीही अशीच होती. ती चूक नव्हती. चार बायकांनी बघावी अशीच होती, आणि बघायच्या आत मी ती उसवली. मला शरम वाटली. खिडकीपाशी उभी राहून मी एकदा मोठ्यानं म्हटलं, चुकलं माझं. व्याह्यांना वाटलं मोजणीबद्दल बोलते आहे. ते म्हणाले, "न्हाई न्हाई, बराबर हाय, सात झाले."

राहता राहिली पाचवी पाकळी. ती मात्र तुमची खरीखुरी चूक, नाही तर तुम्ही एकदम देव्हाऱ्यातच जाऊन बसला असता. तिसऱ्या खेपेला पाचव्या पाकळीच्या शेवटी दोनाचा एक करायचा राहून गेला. ते कधी तरी तुमच्या लक्षात आलं, आणि भरपाई म्हणून सहाव्या पाकळीत तुम्ही तिघांचा एक केलात. आकडा जुळला, पाकळ्या बिघडल्या. आणखी एक दिसलं. तिथून पुढं त्या ओळीचे टाके घट्ट आहेत. पाचवीपर्यंत हात सैल, मोकळा. सहावीपासून शेवटपर्यंत असा आवळलेला की सुईचं टोक आत जाईना.

मी व्याह्यांना विचारलं, हे विणताना काही झालं होतं का. ते टोपीकडं न बघताच म्हणाले, "तुमचा फोन आला व्हता. तवा ती हेच इनायली व्हती. फोन झाल्यावर बोलली न्हाई घंटाभर."

तो फोन मला आठवतो. मी म्हटलं होतं, बाळंतविडा माहेरचा असतो, टोपीबिपीचं मी बघते, तुम्ही त्या फंदात पडू नका, तुमचे टाके सुटतात. आणि तुम्ही म्हणालात, "बरं." टोपी तेव्हा तुमच्या मांडीवर होती, विहीणबाई! सुईवर अर्धी ओळ घेऊन तुम्ही मला बरं म्हणालात. मी फोन ठेवून वरणाला फोडणी द्यायला गेले. तुम्ही तुमची ओळ पुरी केलीत.

आणि मग तुम्ही टोपी का ठेवून दिलीत? मला वाटलं, माझ्या बोलण्यानं. व्याही म्हणाले, तसं काही नाही, लेकरू हाती आल्याबिगर शेंडा मिटायचा न्हाई, असं तुमचं आधीपासूनच ठरलं होतं. मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. पण व्याही चांगला माणूस आहे, माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल, असंही मनात येतं. तुम्हीच काय ते खरं सांगू शकला असता.

त्यांना गाडीत बसवून आले आणि क्रोशाची सुई काढली. उसवायचं नाही, जागच्या जागी करायचं. तुमच्या पद्धतीनं. आयुष्यात कधी केलं नव्हतं, कारण मी उसवणाऱ्यांतली. पाचव्या पाकळीचे शेवटचे दोन टाके सुईवरून काढून दोन ओळी खाली सोडले. पहिल्या खेपेला चारपर्यंत घसरले. ते वर आणले, पुन्हा सोडले. आडवे दोरे उघडे पडले, छोट्या शिडीसारखे. दोन्ही टाके क्रोशाच्या सुईवर एकत्र घेतले, पहिला दोरा त्यांच्यातून ओढला, मग दुसरा. दोनाचा एक झाला. तिथं लोकर थोडी उरली, सैल लोंबायला लागली. सहाव्या पाकळीत तिघांचा एक होता, तो सोडवून एकाला मोकळं केलं, तर त्याला लोकर पुरेना. मग पाचवीची उरलेली लोकर एकेका टाक्यातून पुढं सरकवत सहावीपर्यंत आणली. किती पुरावी? बरोबर तेवढीच. ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त. एकीकडं जे जास्त होतं तेच दुसरीकडं कमी होतं, हे मी एरवी फळ्यावर मांडून दाखवलं असतं, पण बोटांना कळलं ते त्या दिवशी.

आणि गाठ दिसत नाही, विहीणबाई. मी भिंगानं शोधली. हरले मी, हे घ्या लेखी.

घट्ट टाके मात्र मी सैल केले नाहीत. ओढून-ताणून करता आले असते. पण तो तुमचा राग होता, आणि मला मिळालेला तेवढाच. बरं म्हणून तुम्ही तो कधी मला दिला नाहीत. पुढच्या खेपा मी विणल्या, प्रत्येक पाकळीचा पहिला टाका उचलून, तोंडानं लाभ म्हणत. मेघा म्हणाली, आई, तू काय पुटपुटतेस? शेवटच्या दहा टाक्यांतून लोकर ओवली आणि नातवाला मांडीवर घेऊन ओढली.

बारसं सव्वा महिन्यानं केलं, घरच्या घरी, वर्ष तुमचं म्हणून बेतानं. आत्यानं नाव ठेवलं, टोपी घातली. ती त्याला छान बसली, डोळ्यांवर आली नाही. शकूताई आल्या होत्याच. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बाईंचा हात लपत नाही हो. काय शिरा काढल्यात!"

नुसतं हसणं किती सोपं होतं, हे मला पुन्हा एकदा कळलं. मी म्हटलं, "माझा हात नाही. कावेरीबाईंची टोपी आहे. ओवीच्या वेळचीही त्यांनीच विणली होती, अशीच शिरांची. ती मी उसवली. चांगली होती, मला कळलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले."

शकूताई जाऊ द्या हो म्हणाल्या. मेघा माझ्याकडं बघत राहिली. तुम्ही तिला सहा वर्षांत एका शब्दानं सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून समजलं. व्याही दाराशी खुर्चीवर बसले होते, ते मान खाली घालून ऐकत होते.

संध्याकाळी स्टँडवर जायला रिक्षाची वाट बघत आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. ते म्हणाले, "इहीनबाई, एक सांगू का? राग धरू नका."

"बोला ना."

"ह्या टायमाला तुमी टोपी उसवली असती, तर ती भांडणार व्हती तुमच्यासंगं. ठरवलंच व्हतं तिनं. म्हणली, सहा साल गुमान बसले, आता बस. पैल्यासारखीच इनते, अन् त्यांनी हात लावला का समद्या बायकांसमोर बोलते."

"काय बोलणार होत्या?"

"ते न्हाई सांगितलं. मी इचारलं लय बारीला. तर म्हणली, ते त्यांच्या तोंडावरच सांगीन, तुमाला कामून सांगू?" ते हसले, मग उपरण्यानं डोळे पुसले. रिक्षा आली.

तेव्हापासून भाजी निवडताना, लेकराची दुपटी घड्या घालताना मी तुमच्या वतीनं माझ्याशी भांडून बघते. सुरुवात कशी केली असती तुम्ही? इहीनबाई म्हणून, की थेट? आवाज चढवला असता का? रोज तुमच्या तोंडी एखादं नवं वाक्य घालून बघते. चांगली लागतील अशी वाक्यं सुचतात, मला लागतातही. पण त्यातलं एकही तुमचं वाटत नाही.